एका लष्करी ट्रकचे दप्तर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी उभी हयात दप्तरे चाळण्यात घालवली. कागद बोलेल तेवढेच बोलायचे आणि कागद गप्प बसला तर आपणही गप्प बसायचे, हा त्यांचा बाणा. आजचा विषय ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या असत्या. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी ट्रकांचा पूर्वेतिहास कसा शोधतात, यावर मी तासभर बोलणार आहे. विषय यंत्राचा दिसतो, पण मामला सगळा दप्तराचाच आहे. म्हणून हे व्यासपीठ मला परके वाटत नाही.

इंग्लंडमध्ये अशा जुन्या गाड्या जपणारी बरीच मंडळी आहेत. कुणाकडे बेडफर्ड, कुणाकडे ऑस्टिन, कुणाकडे मॉरिस किंवा एईसी. शेतातल्या कुठल्यातरी गोठ्यात पडलेला सांगाडा ते विकत घेतात, वर्षानुवर्षे खपून चालता करतात आणि उन्हाळ्यात मेळाव्याला घेऊन जातात. गाडी चालू झाली की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: माझी ही गाडी युद्धात कुठे होती? डंकर्कला? अल अलामीनला? नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर? उत्तर बहुतेकांना आवडत नाही. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत ते सांगता येत नाही आणि पुढेही सांगता येणार नाही. का येत नाही, आणि ज्या थोड्या गाड्यांबद्दल येते ते कशाच्या जोरावर, एवढेच मला आज मांडायचे आहे.

आधी पसारा किती होता ते पाहू. व्हॉक्सहॉल कंपनीने युद्धकाळात बेडफर्ड नावाचे सुमारे 2,50,000 ट्रक बनवले. चारही चाकांना जोर देणारा तीन टनी ‘क्यूएल’ हा त्यातला एक नमुना, तोच 50 हजारांवर गेला. हा झाला एक कारखाना. कॅनडाने लष्करासाठी बनवलेली एकूण वाहने 8 लाखांवर जातात. उलट बाजूने, 1940 साली फ्रान्समधून माघार घेताना ब्रिटिश फौजेने 63 हजारांहून अधिक गाड्या आणि 20 हजारांवर मोटारसायकली मागे टाकल्या. इंजिनातले तेल काढून टाकायचे आणि ते जाम होईपर्यंत चालू ठेवायचे, म्हणजे शत्रूच्या उपयोगी पडायला नको, असा हुकूम होता. डंकर्कजवळच्या किनाऱ्यावर तर इंजिनियर तुकड्यांनी ओहोटीच्या वेळी ट्रक एकापुढे एक असे समुद्रात उभे केले, वर फळ्या टाकल्या आणि धक्का तयार केला. भरतीच्या वेळी त्यावरून चालत जाऊन माणसे होड्यांत चढली. त्या धक्क्यातल्या ट्रकांचे क्रमांक कोण लिहून ठेवणार?

आता क्रमांकाकडे वळतो, कारण सगळ्या शोधाची सुरुवात तिथून होते. ब्रिटिश लष्कराच्या हिशेबात एक टनापर्यंत ओझे नेणारी ती ट्रक, दीड टन आणि त्यावरची ती लॉरी. आपण दोहोंना ट्रकच म्हणतो, मीही म्हणणार आहे. पण क्रमांक वाचताना हा भेद लागतो. ट्रकच्या आकड्यांआधी ‘झेड’, लॉरीच्या आधी ‘एल’. मोटारसायकलला ‘सी’, मोटारगाडीला ‘एम’, रुग्णवाहिकेला ‘ए’, तोफ ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ‘एच’, रणगाड्याला ‘टी’. गाडी सरकारजमा झाली की हा क्रमांक बॉनेटच्या दोन्ही अंगांना आणि मागच्या बाजूला रंगवत, बहुधा पांढऱ्या रंगात. घोडदळात घोड्याला डाग देत आणि वहीत त्याचा रंग नि खुणा टिपून ठेवत, त्यातलाच हा प्रकार. हजेरीच्या दिवशी शेजाऱ्याचे तट्टू उभे करून कुणी पगार उचलू नये म्हणून तो डाग असे. तो घोडा पानिपतावर होता की उदगीरला, हे डागावरून कळावे अशी कुणाची अपेक्षा नव्हती. लष्करी ट्रकच्या क्रमांकाचेही तेच. तो मालमत्तेच्या मोजदादीसाठी होता.

हे क्रमांक ठेक्यागणिक सलग दिले जात. पुरवठा खात्याने एखाद्या कारखान्याला हजार गाड्यांचा ठेका दिला की हजार क्रमांकांची एक पट्टी त्या ठेक्याच्या नावावर पडे. ठेक्याच्या कार्डावर कारखाना, गाडीचा नमुना, संख्या आणि पट्टीची सुरुवात नि शेवट. ही कार्डे रॉयल लॉजिस्टिक कोअरच्या संग्रहालयात जपलेली आहेत. संग्रहालय पूर्वी सरे परगण्यात डीपकट इथे होते, आता विंचेस्टरजवळ वर्दी डाउनला आहे. तुमच्याकडे क्रमांक असेल तर कार्डावरून ठेका सापडतो. क्रमांक नसेल आणि चेसिसवर ठोकलेला कारखान्याचा आकडा असेल, तर काही ठेक्यांत दोन्ही मालिका बरोबरीने चालतात आणि बेरीज-वजाबाकीने क्रमांकाच्या जवळ जाता येते. काही ठेक्यांत ती चाल मध्येच मोडते. तिथे हिशेबाने काढलेला क्रमांक ‘अंदाजे’ म्हणूनच सांगावा. मेळाव्यात मात्र तो छातीठोकपणे रंगवलेला दिसतो.

तर कार्डामुळे काय कळले? कोणत्या वर्षी, कुठल्या कारखान्यात, कोणत्या ठेक्यात. गाडीची जन्मनोंद हाती आली. यापुढे मोठा खड्डा आहे.

कारखान्यातून गाडी राखीव वाहनांच्या डेपोत जाई. तिथून मागणीप्रमाणे पलटणींना वाटप. पण पलटण मागे ती ‘तीन टनी पाच’ अशी, आणि वरच्या कचेरीला कळवी तेही ‘मंजूर इतक्या, हजर इतक्या, तूट इतकी’ असे. कोणत्या पाच, याच्याशी वरच्यांना कर्तव्य नव्हते. गाडीची स्वतःची वही गाडीबरोबर फिरे. किती मैल झाले, तेल कधी बदलले, दुरुस्ती काय झाली, हे त्यात असे. आज अशी वही हाती आली तर मालक देव पावला म्हणतो, इतकी ती दुर्मीळ. गाडी भंगारात गेली की वहीही गेली. ती जपून ठेवायचे कुणाला कारणच नव्हते.

त्यात दुरुस्तीचा घोळ. 1942 च्या 1 ऑक्टोबरला इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल इंजिनियरांचे वेगळे दल उभे राहिले आणि दुरुस्तीची रीतसर साखळी तयार झाली. किरकोळ काम पलटणीत, त्यापेक्षा मोठे मागच्या वर्कशॉपमध्ये, फारच मोडले असेल तर त्याहून मागे. एकदा मागे गेलेली गाडी दुरुस्त होऊन आपल्याच पलटणीकडे येईल याची शाश्वती नव्हती. ती सामाईक साठ्यात पडे आणि ज्याला गरज त्याला मिळे. म्हणजे एकाच ट्रकने दोन वर्षांत तीन पलटणींची चाकरी केली असणे अगदी शक्य आहे. वर्कशॉपमध्ये दोन मोडक्या गाड्यांची एक चालती गाडी करणे हाही रोजचा धंदा. एकीचे बॉनेट दुसरीला बसले आणि क्रमांक तर बॉनेटवर! त्यामुळे रंगाखाली सापडलेला क्रमांक त्या पत्र्याचा असतो. तो चेसिसचा आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते.

मग गाडी आणि पलटण यांची गाठ पडते कुठे? मडगार्डवर. तिथे दोन खुणा असत. एक डिव्हिजनची निशाणी: 7 व्या आर्मर्ड डिव्हिजनचा लाल जर्बोआ, म्हणजे वाळवंटातला लांब पायांचा उंदीर, 4 थ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, 5 व्या भारतीय डिव्हिजनचा काळ्यावर लाल गोळा. दुसरी खूण म्हणजे रंगीत चौकोन आणि त्यावर पांढरा आकडा. वर लाल नि खाली निळा चौकोन तोफखान्याचा. त्यावर 42, 43 किंवा 44 असेल तर डिव्हिजनच्या तीन फील्ड रेजिमेंटांपैकी एक. तिरपा कापलेला लाल-हिरवा चौकोन आर्मी सर्व्हिस कोअरचा. निशाणी आणि चौकोन दोन्ही वाचता आले की पलटण नेमकी सांगता येते. अडचण एवढीच की क्रमांक गाडीला जन्मभर चिकटलेला आणि या खुणा मात्र पलटण बदलली की पुसल्या जाणाऱ्या. शिवाय मोठ्या हालचालीआधी, शत्रूला सुगावा लागू नये म्हणून, त्या रंगाने झाकत. दोन्ही गोष्टी एका वेळी, एका ठिकाणी दिसतील असा पुरावा एकच: छायाचित्र.

आणि छायाचित्रावर बसला होता सेन्सॉर. वर्तमानपत्रांकडे गेलेल्या कितीतरी चित्रांत मडगार्डवरची निशाणी खरवडून काढलेली आहे. क्रमांक स्वच्छ वाचता येतो, पण कोणाची गाडी ते कळायला मार्ग नाही. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधल्या लष्करी छायाचित्रकारांच्या मूळ निगेटिव्हांवरून केलेल्या प्रती पाहिल्या, तर काही वेळा ती निशाणी शाबूत सापडते. भिंग घेऊन अशी हजारो छायाचित्रे पाहणारी माणसे मला ठाऊक आहेत. आपली गाडी सापडेल ही आशा त्यांनी कधीच सोडून दिलेली असते. आपल्या ठेक्यातली एखादी सख्खी बहीण दिसली तरी त्यांचा दिवस सार्थकी लागतो.

दुसरा साक्षीदार गाडीच्या अंगावरच असतो. रंग. ओल्या बारीक पॉलिश पेपरने पत्र्याचा हातभर तुकडा हळूहळू घासत गेले की थर एकेक करून उघडतात. सर्वांत वर युद्धानंतरचा गडद ब्राँझ हिरवा. त्याखाली 1944 च्या एप्रिलपासून ठरलेला ऑलिव्ह हिरवा; अमेरिकेहून येणाऱ्या गाड्या पुन्हा रंगवाव्या लागू नयेत म्हणून तो स्वीकारला. त्याखाली तपकिरी, कारण मधल्या काळात हिरव्या रंगाला लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई होती. आणि तळाशी सुरुवातीचा खाकी हिरवा. मध्येच वाळूचा पिवळट थर निघाला की मालक नाचू लागतो: गाडी वाळवंटात होती, आठव्या आर्मीची! जरा दमाने घ्यावे. ब्रिटिश फौज सुएझ कालव्याच्या पट्ट्यात 1956 पर्यंत होती, आणि वाळूचा रंग तिथेही लागत होता. तो थर ऑलिव्ह हिरव्याच्या वर आहे की खाली, हे आधी पाहायचे. घाईने सगळा पत्रा खरवडून काढणारा माणूस हा पुरावा कायमचा गमावतो. मोडी कागद धुऊन स्वच्छ करण्यासारखे आहे ते.

कागदपत्रांत राहिल्या युद्धदैनंदिन्या. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या युद्धभूमीप्रमाणे लावलेल्या आहेत: 1940 ची फ्रान्सची मोहीम डब्ल्यूओ 167 या मालिकेत, मध्यपूर्व 169 मध्ये, इटली 170, वायव्य युरोप 171, आग्नेय आशिया 172. पलटण कळली असेल तर ती कोणत्या दिवशी कोणत्या गावी होती, तोफमारा किती झाला, पाऊस पडला का, हे दैनंदिनीत मिळते. ट्रकचा क्रमांक जवळजवळ कधीच मिळत नाही. ‘सुरुंगाने तीन गाड्या गेल्या’ एवढेच. आधी पलटण माहीत असेल तर दैनंदिनी कामाची. नसेल तर नुसत्या क्रमांकाच्या जोरावर ती उघडून उपयोग नाही.

युद्ध संपल्यावर मात्र कागद पुन्हा बोलू लागतो. 1949 पासून नवी पद्धत आली: दोन आकडे, दोन अक्षरे, दोन आकडे. तेव्हा सेवेत असलेल्या जुन्या गाड्यांना जी अक्षरे मिळाली त्यांची सुरुवात ‘वाय’ किंवा ‘झेड’ने होते. या काळातली कार्डे बरीच टिकली आहेत आणि त्यांवर गाडी कोणत्या डेपोतून कुठे गेली हे सापडते. नॉटिंगहॅमशरमधल्या रडिंग्टनच्या सरकारी लिलावात कितीएक गाड्या विकल्या गेल्या. मग शेतकरी, सर्कसवाले, लाकडाचे व्यापारी. म्हणजे जन्म ठाऊक, म्हातारपण ठाऊक, आणि ज्या पाच-सहा वर्षांसाठी सगळा खटाटोप, तेवढीच पाने कोरी.

तरी काही गाड्यांची कहाणी पुरी सांगता येते. मला त्यातली सर्वांत विलक्षण वाटते ती ‘थिसलगॉर्म’ या जहाजावरच्या ट्रकांची. जहाज सुंडरलंडला बांधलेले. 1941 च्या उन्हाळ्यात ग्लासगोहून निघाले. भूमध्य समुद्र धोक्याचा म्हणून आफ्रिकेला वळसा घालून, केपमार्गे तांबड्या समुद्रात आले. पोटात आठव्या आर्मीसाठी बेडफर्ड ट्रक, मोटारसायकली, चिलखती कॅरियर, दारूगोळा आणि डेकवर दोन रेल्वे इंजिने. सुएझच्या तोंडाशी वाट मोकळी होण्याची वाट पाहत ते नांगर टाकून थांबले होते. 6 ऑक्टोबरच्या रात्री क्रीटहून आलेल्या जर्मन हाइन्केल विमानांनी बॉम्ब टाकले, आतला दारूगोळा पेटला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. नऊ माणसे गेली. आज ते सुमारे 30 मीटर खोल पाण्यात आहे. ट्रक जसे रचले होते तसे ओळीने उभे आहेत, काहींच्या हौद्यात मोटारसायकली तशाच. पुढे पाणबुडे कूस्तो तिथे उतरले आणि जगाला ते ठाऊक झाले. आता पर्यटक पोहतात, आणि आठवण म्हणून काहीबाही उचकटून नेतात, ते लाजिरवाणे आहे. पण दप्तराच्या दृष्टीने पाहा: कारखान्यापासून शेवटापर्यंत अखंड इतिहास ज्यांचा सांगता येतो, ते हे ट्रक रणांगणात एक मैलही धावले नाहीत.

दुसरे उदाहरण लिबियाच्या वाळवंटातले. राल्फ बॅगनोल्डने 1940 साली उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपचा शेव्हरोले ट्रक 1980 मध्ये वाळूत सापडला. तो आता इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. त्याची ओळख पटली ती नावामुळे. या ग्रुपातले न्यूझीलंडचे सैनिक आपल्या गाड्यांना माओरी नावे देत, आणि तीही तुकडीप्रमाणे: ‘टी’ तुकडीची नावे ‘ते’ने सुरू होणारी, ‘आर’ची ‘रो’ने, ‘डब्ल्यू’ची ‘वाय’ने. सापडलेल्या गाडीचे नाव ‘वायकाहा’. सरकारी दप्तराने जे केले नसते ते चार सैनिकांच्या हौसेने केले.

तिसऱ्या जातीच्या गाड्या म्हणजे मोठ्या माणसांच्या. सेनापती माँटगोमरीच्या कॅरव्हॅन केंब्रिजजवळ डक्सफर्डला ठेवलेल्या आहेत. त्यांतली एक बर्गोन्झोली या इटालियन सेनापतीकडून हिसकावलेली, दुसरी मार्शल मेस्से याची. त्यांचा दिवसान्‌दिवसाचा इतिहास मिळतो, यात नवल ते काय? उलट बाजूचाही मासला आहे: 1941 च्या एप्रिलमध्ये मेखिली इथे ब्रिटिशांच्या एईसी चिलखती कमांड गाड्या जर्मनांच्या हाती लागल्या आणि त्यांतली एक रोमेलने स्वतःसाठी ठेवून घेतली. त्या गाड्यांचा ‘युद्धातला सेवाकाळ’ कोणत्या सैन्यात मोजायचा, हे तुम्हीच ठरवा.

आपल्याकडचा धागा थोडक्यात सांगतो, कारण तो ताणायचा मोह फार होतो. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने 1928 मध्ये गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, मागोमाग फोर्डही मुंबईत आली. युद्धकाळात कॅनडात बनलेले लष्करी ट्रक सुटे भाग होऊन खोक्यांतून इथे उतरले आणि जोडून पुढे रवाना झाले. युद्धानंतर त्यांतले पुष्कळ विकले गेले, लाकडी हौदे चढवून घाटांतून माल वाहू लागले. इथल्या ज्येष्ठांना ते आठवत असतील. 1948 च्या 1 जूनला पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली बस धावली, तीही बेडफर्डच. पण तिचा लष्कराशी संबंध जोडू नये. घराणे एक, एवढेच म्हणता येते. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचे उत्तम संग्रहालय आहे. दारूगोळा, पाणी आणि भाकरी वाहणाऱ्या ट्रकांच्या वाट्याला तसा मान कुठेही फारसा आलेला नाही.

1945 च्या 9 एप्रिलला इटलीत सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी जे शौर्य केले ते व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात पावलापावलाने नोंदले आहे, आणि ते योग्यच आहे. त्या काठापर्यंत पलटणीची काडतुसे आणणारी गाडी कोणती आणि ती हाकणारा कोण, हे मात्र अशा मानपत्रात शोधायचे नसते.

आता माझे मत सांगतो आणि आटोपते घेतो. ज्याला काहीच सापडत नाही असा मालक बहुधा काय करतो? मडगार्डवर लाल जर्बोआ रंगवतो. मेळाव्याला गेलात तर असे वाटेल की सबंध ब्रिटिश फौजेत 7 वी आर्मर्ड सोडून दुसरी डिव्हिजनच नव्हती. हौस म्हणून कुणी केले तर माझी तक्रार नाही. ‘ही निशाणी नमुन्यादाखल आहे’ अशी पाटी लावली की झाले. पण पाटी नसेल तर तो बनावट कागद आहे. पन्नास वर्षांनी दुसरा कोणी ती गाडी विकत घेईल, तो जर्बोआ जुना वाटेल, आणि खोटी वंशावळ छापून येईल. आपल्याकडे बखरींत घुसडलेल्या ओळी निस्तरताना संशोधकांचे किती आयुष्य गेले ते तुम्ही जाणता. कोरा मडगार्ड हा प्रामाणिक मडगार्ड आहे.

शेवटी एक विनंती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, नगर या जिल्ह्यांतल्या पुष्कळ घरांत कुणी आजोबा, पणजोबा त्या युद्धात होते. काही ड्रायव्हर होते, काही वर्कशॉपमध्ये. ट्रंकेच्या तळाशी एखादा फोटो असतो: चार जण ट्रकला टेकून उभे. घरी गेल्यावर तो काढा आणि भिंगातून बॉनेटकडे आणि मडगार्डकडे बघा. आकडे किंवा निशाणी दिसली तर जसे दिसते तसे लिहून घ्या. अंदाजाने अक्षर भरू नका. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने माणसांची नावे, पलटण, साल आणि ठिकाण लिहा, जे ठाऊक नसेल ते सोडून द्या. डिस्चार्जचा कागद असेल तर तो फोटोबरोबरच ठेवा, आणि दोन्हींची प्रत काढून एखाद्या संशोधन संस्थेला द्या. मूळ मात्र घरीच राहू द्या.